एक टॅब, चार वर्ग आणि मुलांच्या तोंडची गोष्ट

धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवरच्या एका मॅडमनी विचारलंय: पहिली ते चौथी मिळून पट ३१. लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही, एक टॅब आणि स्वतःचा फोन, एवढंच साहित्य. खोलीत बसून मोबाईल डेटाचा भरवसा नाही. मुलांकडून डिजिटल गोष्टी, म्हणजे चित्रं आणि स्वतःचा आवाज जोडून केलेल्या कथा, करून घ्यायच्या तर कोणतं ॲप घ्यावं? पालक म्हणतात, घरी मोबाईल सुटत नाही, आता शाळेतही तेच का? त्यांना काय सांगावं? आणि पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, काहीतरी करून दाखवा, असं केंद्रप्रमुख म्हणालेत, तिथं काय दाखवावं?

मॅडम, ॲपचं नावच हवं असेल तर तुमच्या फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर. थट्टा करत नाही. या सगळ्या खटाटोपात मुलाच्या हाती खरं लागतं ते एकच: स्वतः सांगितलेली गोष्ट स्वतःच्याच कानानं ऐकणं, आणि "हे नीट नाही झालं, पुन्हा करू" असं आपणहून म्हणणं. नाचणारी चित्रं, उडणारी पाखरं, मागचं संगीत ही सगळी वरची सजावट. म्हणून कुठलंही ॲप बघताना मी तीनच गोष्टी तपासतो. आवाज भरता येतो का? नेट नसताना चालतं का? आणि दुसरीतलं पोर मला न विचारता भरलेला आवाज पुन्हा ऐकू शकतं का? यात जे बसत नाही ते कितीही देखणं असलं तरी बहुवर्ग शाळेत आठवडाभरात बाजूला पडतं.

'डिजिटल स्टोरीटेलिंग' हा प्रकार मुळात मुलांसाठी निघालेलाच नाही. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात डाना ॲचली, जो लँबर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी साध्यासुध्या मोठ्या माणसांना बसवून त्यांच्या आयुष्यातला एखादा प्रसंग त्यांच्याच आवाजात भरून घ्यायला सुरुवात केली. सोबत थोडी स्थिर छायाचित्रं, लांबी दोन-तीन मिनिटं. म्हणजे तिथंही पाया आवाजाचाच. पुढं तो प्रकार शाळांत आला आणि ॲपवाल्यांनी त्यावर रंगांचा थर चढवला. आपण तो थर खरवडून कामाला लागायचं.

आता काम कसं चालतं ते सांगतो, कारण ॲपपेक्षा त्याचा क्रम महत्त्वाचा आहे.

सुरुवात टॅबशिवाय. मुलांना "एक काल्पनिक गोष्ट सांगा" म्हणालात की ससा-कासव नाहीतर टीव्हीवरची कार्टून मालिका बाहेर पडते. त्याऐवजी नेमकं विचारा: तुमच्याकडचं जनावर कधी हरवलं होतं का? विहिरीत काय काय पडलंय आजवर? आजीला सगळ्यात जास्त राग कधी येतो? टँकर आला की तुमच्या गल्लीत काय होतं? मराठवाड्यातल्या पोराकडं गोष्टींचा तुटवडा कधीच नसतो. शाळेत त्या कुणी विचारत नाही, एवढंच. सगळ्यांनी तोंडी सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. "शेळी हरवली, आम्ही शोधली, सापडली" एवढ्यावर एखादं पोर थांबलं की मागून पहिलीतलीच एखादी विचारते, "ती गाभण होती का रं?" तिथून खरी गोष्ट सुरू होते.

मग कागद. कोऱ्या कागदाला दोन घड्या घातल्या की चार चौकोन पडतात. कोण आणि कुठं, काय झालं, मग काय केलं, शेवटी काय. प्रत्येक चौकोनात एक चित्र. ज्याला लिहिता येतं त्यानं खाली एक-दोन वाक्यं लिहायची, ज्याला येत नाही त्यानं नाही लिहिली तरी चालतं. चौथीतल्या कुणाला सहा चौकोन हवे असतील तर द्या, गोष्ट कागदासाठी कापू नका. चित्र रंगवण्यात मात्र दोन तास जाऊ देऊ नका. जाड रेघ, मोठी आकृती, पेन्सिलीपेक्षा खडू. पेन्सिलीचं फिकट चित्र फोटोत उमटतच नाही.

तिसऱ्या पायरीला फोन बाहेर काढायचा, आणि इथं एक युक्ती सगळ्या ॲपांपेक्षा मोलाची आहे: चौकोन एक, आवाजाची फाईल एक. अख्खी गोष्ट एका दमात भरू नका. तिसऱ्या चौकोनात पोर अडखळलं तर तेवढाच पुन्हा भरायचा, पहिले दोन शाबूत राहतात. लाजरी मुलं याच एका कारणानं मोकळी होतात, कारण चूक झाली तर सगळं पाण्यात जाईल ही भीतीच उरत नाही.

पहिल्या दिवशी कामाचं काही भरू नका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की मुलं खिदळतात, "ह्यो माझा आवाजच नाय" म्हणतात. ते खोटं नसतं. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, त्यामुळं तो भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला असतो, म्हणून बारीक, परका लागतो. चौथीला हे सांगा, हात कानावर ठेवून गुणगुणायला लावा, विज्ञानाचा तासही झाला. त्या दिवशी बैलाचा, मोटारसायकलचा, पिठाच्या गिरणीचा आवाज काढून भरू द्या. हसण्याची हौस फिटली की दुसऱ्या दिवशी काम होतं.

आवाज स्वच्छ हवा तर जागा बघा. पत्र्याच्या खोलीत पावसात रेकॉर्डिंग होत नाही. पंखा बंद. फोन तोंडापासून एक वीत अंतरावर, आणि पोराच्या हातात नाही, वह्यांच्या गठ्ठ्यावर. फोन फ्लाइट मोडवर टाकायला विसरू नका, नाहीतर ऐन रंगात केंद्रावरून माहिती मागायचा फोन येतो. तो रोज येतोच.

एका चौकोनाला तीन वेळा भरायची मुभा, त्याहून जास्त नाही. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेतला फरक तुम्हीच ऐकून बघा. पहिल्या वेळी "मग... मग... मग..." अशी आगगाडी असते. ऐकल्यावर पोराच्या लक्षात येतं की ऐकणाऱ्याला काही कळलेलंच नाही. मग "कारण", "तेवढ्यात", "पण" हे शब्द येतात, माणसं एकमेकांशी बोलायला लागतात. हे व्याकरणाच्या तासाला शिकवून आलेलं मी पाहिलेलं नाही. दुसऱ्या वेळेआधी तुम्ही फक्त एक प्रश्न विचारायचा: "हे ज्यानं पाहिलं नाही, त्याला कळेल का?" दुरुस्ती सांगायची नाही.

त्यानंतर उलटा प्रवास. मूल जे बोललं ते ऐकत ऐकत कागदावर उतरवायचं. पहिली-दुसरीसाठी तुम्ही फळ्यावर उतरवा, तिसरी-चौथी स्वतः उतरवतील. स्वतःच्या तोंडचं वाक्य वाचायला मुलाला फार कष्ट पडत नाहीत, कारण अर्थ त्याला आधीच माहीत असतो, फक्त अक्षरं जुळवायची असतात. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात मौखिक भाषाविकास, आकलनासह वाचन आणि लेखन अशी जी लक्ष्यं तिसरीपर्यंत गाठायची म्हणून दिलीत, ती या एकाच कामात एकामागून एक येतात. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीही मग "बरी प्रगती" अशा लिहाव्या लागत नाहीत. फाईल उघडली की काय लिहायचं ते ऐकू येतं.

आता ॲप.

टॅबवर 'स्क्रॅचज्युनिअर' टाका, पात्रं हलवून-बोलवून गोष्ट रचायचं ॲप. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या आणि एमआयटीच्या लोकांनी मिळून ते २०१४ साली आणलं, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी, फुकट. त्याच्या आज्ञा म्हणजे चित्रांचे ठोकळे, त्यामुळं वाचता न येणारं पोरही चालवतं. एका प्रकल्पात चारच पानं मिळतात, म्हणजे आपले चार चौकोन बरोबर बसतात. प्रत्येक पात्राला मुलाचा आवाज भरता येतो, कॅमेऱ्यानं फोटो काढून तो पात्राच्या आकारात बसवता येतो, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. अडचण अशी की त्याला टॅबचाच पडदा हवा, फोनवर ते धरू नका. दुसरी अडचण मुलांची: त्यातलं मांजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं पळवण्यात तास कधी संपतो कळत नाही. म्हणून आवाज आधी भरून झालेला असेल त्याच गटाच्या हाती टॅब द्या.

'स्टोरीवीव्हर' वेगळ्या कामाचं. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेनं २०१५ मध्ये सुरू केलेलं हे गोष्टींचं खुलं भांडार. मराठीत भरपूर पुस्तकं, वाचनाच्या चार पातळ्या, पीडीएफ उतरवून घेता येतात. तिथली चित्रं घेऊन आपली गोष्ट रचताही येते, कारण सगळं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. मूळ लेखक-चित्रकाराचं नाव मात्र द्यायचं. तालुक्याला गेलात की पंधरा-वीस पुस्तकं उतरवून पेनड्राइव्हवर घेऊन या. पण मुलांची पहिली गोष्ट त्या तयार चित्रांवर करू नका. व्यावसायिक चित्रकाराचं चित्र समोर आलं की पोराला स्वतःची वाकडी शेळी दाखवायची लाज वाटते. यंत्राकडून चित्र काढून घेणाऱ्या नव्या सोयींबद्दलही माझं हेच मत आहे, प्राथमिकला तरी.

शाळेत विंडोजचा संगणक धडका असेल तर 'ब्लूम' बघा. एसआयएल या संस्थेचं आहे, फुकट आहे, आणि लहान भाषांत पुस्तकं व्हावीत म्हणूनच बनवलेलं आहे. चित्र, मजकूर, वाक्यावाक्याला आवाज. पुस्तक 'ब्लूम रीडर'मधून फोनवर वाचता येतं, आणि जे वाक्य ऐकू येतं ते पडद्यावर रंगून दिसतं. तेच पुस्तक कागदावर छापून, घडी घालून पुस्तिका होते. हे शिकायला तुम्हाला एखादा रविवार द्यावा लागेल. मुलांच्या हाती द्यायचं साधन नाही ते, तुमचं आहे.

काहीच नको असेल तर पॉवरपॉइंट. एका स्लाइडवर एका चौकोनाचा फोटो, त्यावर त्याची आवाजाची फाईल, शेवटी व्हिडिओ म्हणून साठवायचं आणि पेनड्राइव्ह टीव्हीला लावायचा. फुकटातली बरीच व्हिडिओ ॲपं कोपऱ्यात आपलं नाव छापतात आणि मध्येच जाहिरात दाखवतात. जाहिरात काय येईल याचा नेम नसतो, म्हणून ती मुलांच्या हाती देऊ नका.

पोळ्याच्या आठवड्यात 'स्टॉप मोशन स्टुडिओ' वापरा, त्याची फुकट आवृत्ती पुरते. पोरांनी काळ्या मातीचे बैल केलेलेच असतात. बैल बोटभर सरकवायचा, हात बाजूला, फोटो. पुन्हा सरकवायचा, फोटो. सेकंदाला पाच फोटो धरले तरी दहा सेकंदांच्या चालीला पन्नास लागतात, त्यामुळं चौथीला पाढ्याचा उपयोग पहिल्यांदाच कळतो. फोन स्टुलावर दोन विटांत घट्ट बसवा. तो हलला की बैल नाही, अख्खा गोठा नाचतो. माती सुकून शिंगं गळतात, तेही गोष्टीत घ्या. एका शाळेतल्या पोरांनी शिंग मोडलेल्या बैलालाच नायक केलं होतं, ते सुचलं तसं सरांना सुचलं नसतं.

३१ मुलं आणि एक टॅब याचं गणित वर्गनिहाय करू नका, मिश्र गट करा. एका गटात चौथीचा एक निवेदक, तिसरीचे दोघे चित्रं आणि वाक्यं, दुसरी-पहिलीचे पात्रांचे आवाज आणि पावसा-वाऱ्याचे आवाज. एका वेळी एकच गट टॅबवर, बाकीचे कागदावर. एका गोष्टीला आठवडा-दीड आठवडा जातो आणि त्यात एका मुलाच्या वाट्याला पडदा येतो तो काही मिनिटं. पालकांना हेच दाखवा. सांगू नका, दाखवा. शनिवारी सकाळच्या शाळेला चार आयांना बोलवा, त्यांच्या लेकराची गोष्ट टीव्हीवर लावा. घरी पोर मोबाईलमधलं बघतं, इथं मोबाईलमध्ये स्वतःचं घालतं, हे त्यांना बघितल्यावर समजतं. गोष्टींसाठी मुलांना आजी-आजोबांकडं पाठवाल तेव्हा तर घरचेच उत्साहानं सांगायला बसतात. जात्यावरच्या ओव्या, भारूड, दुष्काळाच्या आठवणी ज्यांच्या तोंडात आहेत अशी माणसं अजून आपल्या गावांत आहेत. त्यांच्यासमोर फोन ठेवून नातवानं प्रश्न विचारावेत.

भाषेवर थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. पोर म्हणतं, "आजी रडायली होती, म्या मनलं कामून रडायलीस?" आणि सर तिथंच थांबवतात: "'का रडतेस' असं म्हण." झालं. पुढचं वाक्य बाहेरच येत नाही, आलंच तर पाठ्यपुस्तकातलं येतं. रेकॉर्डिंगच्या वेळी एक शब्दही सुधारू नका. संवाद तर बोलीतच राहू द्या. निवेदन प्रमाण मराठीत करायचं का, हे तिसरी-चौथीच्या गटाला ठरवू द्या. दोन्हींत फरक आहे हे ऐकून ऐकून त्यांना आपोआप कळतं आणि मग कुठं कसं बोलावं याची निवड ते करतात. तांड्यावरची मुलं असतील तर गोष्ट आधी गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, भरा, मग त्याच चित्रांवर मराठीत. ज्या पोराला तुम्ही वर्षभर मुकं समजत होता ते किती बोलतं ते बघा. किनवटकडं गोंडी-कोलामी, देगलूर-बिलोलीला तेलुगू, उदगीर-उमरग्याला कन्नड, सगळीकडं हेच लागू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तिथं मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंच आहे. धोरण वर्गात आणायची यापेक्षा स्वस्त वाट मला माहीत नाही.

तुमच्या भागात दिवाळीच्या मागंपुढं ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला जातात आणि निम्मा वर्ग रिकामा होतो. जी मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी मागं राहतात, त्यांच्या गोष्टी आईबापाला व्हॉट्सॲपवर पाठवा. व्हिडिओ नको, नुसता आवाज. मिनिटभराची फाईल छोटी असते, फडात नेट कमी असलं तरी पोचते. दिवसभर ऊस तोडून कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीवर, आल्यावर लेकराचा आवाज ऐकायला मिळाला की आई उलट काहीतरी बोलून पाठवते. तीही गोष्टच असते, मूल परवानगी देत असेल तर वर्गात ऐकवा. जी मुलं सोबत जातात त्यांना चार चौकोनांचे कागद आणि खडू देऊन पाठवा. मार्च-एप्रिलला परत आली की त्यांच्याकडं सांगायला वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त असतं, आणि अभ्यासात मागं पडलेलं पोर तेवढ्या बाबतीत पुढं असतं. तिथूनच त्याला परत वर्गात घ्यायचं.

जपायच्या दोन गोष्टी आहेत.

खरी गोष्ट विचारली की खरी गोष्ट येते. बापाचं पिणं, घरातली मारहाण, कर्ज, कुणाची आत्महत्या. आपल्या जिल्ह्यांत हे नवीन नाही. पोर असं काही सांगायला लागलं तर रेकॉर्डिंग थांबवा, टॅब बाजूला ठेवा, ऐकून घ्या. ते वर्गासमोर लावायचं नाही, परिषदेत तर नाहीच. त्या मुलाला दुसरी गोष्ट निवडायला मोकळीक द्या, आणि त्याची सुरक्षितता धोक्यात आहे असं वाटलं तर १०९८ ही बालकांची मदतवाहिनी आहे.

दुसरं, मुलांचे चेहरे आणि पूर्ण नावं गोष्टीत नकोत. चित्रं आणि आवाज पुरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. शाळेनं लेखी संमतीपत्र घेऊन ठेवावं, त्यात "शाळेत दाखवणे" आणि "बाहेर पाठवणे" असे दोन वेगळे रकाने ठेवावेत. यूट्यूबवर शाळेची वाहिनी काढायची घाई करू नका. मागं सिनेमातलं गाणं लावू नका, हक्काचा प्रश्न येतो आणि पोराचा आवाजही बुडतो. हलगी, टाळ, ताट-वाटी काय आहे ते वाजवा.

आणि शिक्षण परिषद. तिथं गुळगुळीत व्हिडिओ नेऊ नका. तो सगळे टाळ्या वाजवून विसरतात, मनात म्हणतात, "मॅडमनीच केलंय." एकाच मुलाच्या एकाच चौकोनाचं पहिल्या वेळचं आणि तिसऱ्या वेळचं रेकॉर्डिंग नाव न सांगता लागोपाठ ऐकवा. मिनिटभरसुद्धा लागणार नाही. मग मधे तुम्ही कोणता प्रश्न विचारला होता तो सांगा आणि आलेल्या शिक्षकांना त्यांच्या फोनवर तिथंच एक चौकोन भरायला लावा. विस्तार अधिकारी आले असतील तर त्यांनाही.

वर्षाला अशा पूर्ण गोष्टी प्रत्येक गटाच्या तीन-चार झाल्या तरी पुष्कळ. फाईलींना पहिल्या दिवसापासून वर्ष, इयत्ता, गट, चौकोन अशा क्रमानं नाव द्या, "नवीन रेकॉर्डिंग १७" शोधण्यात माझे मधल्या सुट्टीचे किती तास गेलेत विचारू नका. एक प्रत टॅबमधल्या कार्डावर, एक पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह तुमच्या पर्समध्ये नव्हे, मुख्याध्यापकांच्या कपाटात. तुमची बदली होईल, मुलांच्या गोष्टी शाळेच्या आहेत.